कागदाचे मोल आणि कलेची घडणावळ

सालाबादप्रमाणे ही स्मरणिका सभासद बंधूंच्या हाती पडेल, तेव्हा लेखांच्या आधी जाहिरातींचीच पाने चाळली जातील, हे आम्ही जाणून आहोत. त्यात गैर काही नाही. आपल्या पेढीचे नाव कोणत्या पानावर आले आणि शेजाऱ्याचे कोणत्या, हे पाहण्याची हौस कोणास नसते? परंतु स्मरणिकेच्या कामात हातभार लावताना ती पाने आमच्याकडे कशी आली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पानभर जाहिरातीचे शुल्क बहुतेकांनी विनातक्रार भरले. पानावर काय छापावयाचे असे विचारता कोणी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो मोबाईलवरून धाडला, कोणी जुन्या बिलाचा कोपरा कापून दिला, तर कोणी "नाव आणि फोन घाला, बाकीचे छापखानेवाला बसवील" असा निरोप ठेवला. जागेचे पैसे देताना कोणाचा हात आखडला नाही; त्या जागेवर जे दिसावयाचे, त्याच्यासाठी मात्र वेगळा रुपया काढावा, असे फारच थोड्यांना वाटले.

हा दोष केवळ स्मरणिकेपुरता असता तर आम्ही तो हसून सोडून दिला असता. परंतु दुकानाची पाटी, मालाचे खोके, पिशवी, लेबल, लेटरहेड, लग्नपत्रिका या सर्व बाबतींत आपला व्यवहार असाच चालतो. कागद किती जाड, खोके शेकडा कितीस, हे आपण चार छापखान्यांत विचारून घासाघीस करून ठरवितो. आणि ज्या रेखाटनावाचून तो कागद कोराच राहिला असता, ते छपाईत धरून फुकट मिळावे अशी अपेक्षा करतो. आज आपल्या गावात संगणकावर हे काम स्वतंत्रपणे करणारे, कोणाचे नोकर नसलेले कितीतरी तरुण-तरुणी आहेत. डिझायनर या नावाने आपण त्यांना ओळखतो. त्यांच्याशी आपण कसे वागतो, याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिण्याचा आमचा मानस आहे.

आपल्यापैकी जे सराफ आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. दागिना मोडीत घालताना सोन्याचे पैसे परत येतात, घडणावळ येत नाही. तरीही घडणावळ न देता दागिना मागणाऱ्या गिऱ्हाइकास कोणी पेढीवर बसवून घेणार नाही. कापडवाले बंधूही जाणतात की कापडाचे पैसे दिले म्हणून शिंपी शिलाई सोडत नाही. मग कागद आणि शाई यांचे पैसे दिले म्हणजे चित्राचेही दिले, हा हिशेब आपण कोणत्या वहीत शिकलो?

छापेचे मोल आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते असे नाही. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या गाठींवर रंगीत चित्रांची टिकिटे असत, आणि ज्या गिऱ्हाइकास अक्षरओळख नव्हती ते त्या चित्रावरून माल ओळखून मागत असे. घोडा छाप, कंदील छाप ही नावे अशाच व्यवहारातून रूढ झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या शिळाछाप कारखान्याने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचविली, आणि पुढे त्याच कारखान्यातून व्यापारी लेबलेही छापली गेली. एअर इंडियाचा 'महाराजा' १९४६ मध्ये जन्मास आला. कल्पना बॉबी कूका यांची आणि रेषा उमेश राव यांची. एशियन पेंट्सचा 'गट्टू' आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटला, आणि रंगाचा डबा हाती घेतलेल्या त्या खट्याळ पोराने जवळजवळ अर्धशतक त्या कंपनीची ओळख सांभाळली. या प्रत्येक चिन्हामागे कोणा चित्रकाराचा हात होता.

परदेशातील एक उदाहरणही बोलके आहे. नाइके या बूट बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे जे चिन्ह आज जगभर दिसते, ते १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने ३५ डॉलर घेऊन काढून दिले. कंपनी मोठी झाल्यावर १९८३ मध्ये तिला अंगठी व कंपनीचे भाग देऊन तिचा गौरव करण्यात आला. लोक ही हकीकत ३५ डॉलर किती थोडे होते, याचे नवल म्हणून सांगतात. आम्हांस तीत दुसरे काही दिसते. कंपनी नवी होती, पैसा बेताचा होता, तरीही त्या मुलीच्या कामाचे मोल ठरले आणि ते तिला मिळाले.

आता दुसऱ्याची उदाहरणे पुरे. आमचीच एक हकीकत सांगतो, आणि ती सांगण्यात आम्हांस भूषण वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या पेढीने मसाले स्वतःच्या नावाने बाजारात आणण्याचे ठरविले. टिळकवाडीत राहणारी, कमर्शिअल आर्टचे रीतसर शिक्षण घेतलेली एक मुलगी घरच्या घरी असे काम करते, असे समजले. तिला बोलावून घेतले. तिने पेढीवर दोन तास बसून मसाला कोण घेते, कोणत्या गावी जातो, फळीवर शेजारी कोणाचा माल असतो, असे नाना प्रश्न विचारले आणि चिन्ह व खोक्यांचे तीन आकार मिळून १५,००० रुपये सांगितले. आम्ही म्हणालो, "आधी दाखव, मग पाहू." पंधरा दिवसांनी ती तीन नमुने घेऊन आली. एक आम्हांस मनापासून आवडला. तिला "कळवितो" म्हणून सांगितले, त्या नमुन्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो एका छापखान्यात नेऊन दिला. तेथे एका दुपारीत तसेच चित्र जुळवून मिळाले, तेही छपाईत धरून. तिला आम्ही काहीच कळविले नाही. न दिलेले घेणे यास काय म्हणतात, ते लहानपणी पाठशाळेत आम्ही पाठ केले होते. अदत्तादान हा शब्द त्या दिवशी आठवला नाही, एवढेच.

पुढे जे झाले ते व्यापारी दृष्टीनेही ऐकण्यासारखे आहे. ५,००० खोकी छापून आली. पडद्यावर लालभडक दिसणारी मिरची कागदावर विटकरी उतरली. कारण पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, आणि छापखान्यात निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांच्या ठिपक्यांतून तो उभा करावा लागतो, ही गोष्ट त्या घाईत कोणी पाहिली नाही. फोटोवरून मोठे केलेले चित्र कडांना फाटल्यासारखे दिसू लागले. त्याहून मोठी चूक म्हणजे माल बांधल्याचा महिना व वर्ष लिहिण्यास जागाच ठेवली नव्हती, आणि ग्राहकाने तक्रार कोठे करावी तो पत्ताही नव्हता. मडगावच्या घाऊक व्यापाऱ्याने पहिलाच माल परत धाडला. घरातल्या बायकामुलांसह आम्ही आठवडाभर चिकटपट्ट्या लावीत बसलो. अखेर निम्मी खोकी रद्दीत गेली. हिशेब केला तेव्हा नुकसान १५,००० रुपयांच्या कितीतरी पुढे गेले होते.

कळस झाला तो वकिलांच्या कचेरीत. छापेची नोंदणी करावी म्हणून गेलो, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे चित्र काढले कोणी, आणि त्याने ते तुम्हांस लेखी दिले आहे काय?" आम्ही मान खाली घालून परत आलो.

या प्रश्नामागील कायदा प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा असा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा सामान्य नियम असा, की कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पगारी नोकराने नोकरीच्या कामात केलेली कृती, वेगळा करार नसेल तर, मालकाची होते. परंतु स्वतंत्र काम करणाऱ्याची तशी आपोआप होते असे समजून चालू नये. पैसे चुकते केले तरी हक्क आपल्याकडे यावयाचा तर तसा लेख हवा आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांचा धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता. आखातात माल धाडणाऱ्या बंधूंनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. छापेची नोंदणी ही याहून निराळी बाब आहे. ती १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली होते, दहा वर्षे चालते आणि पुन्हापुन्हा वाढविता येते. कर्नाटकातील व्यापाऱ्यांचे अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे, गोवा, महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील मुंबईकडे आणि गुजरातेतील अहमदाबादकडे जातात. २०१७ च्या नियमांप्रमाणे संगणकावरून केलेल्या अर्जास प्रत्येक वर्गासाठी व्यक्तीस वा लहान उद्योगास ४,५०० रुपये आणि इतरांस ९,००० रुपये शुल्क ठेवण्यात आले. दिवाळीच्या मिठाईवर आपण याहून अधिक खर्च करतो.

आता या कामात असते तरी काय, असे पुष्कळांना वाटते. एका पाटीचेच पाहा. बेळगावातील दुकानावर २०२४ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणे ६० टक्के जागा कन्नडास द्यावयाची. आपले मराठी गिऱ्हाईक दुरून वाचू शकले पाहिजे. आणि परगावच्या माणसासाठी इंग्रजीही हवे. कन्नड अक्षराची गोलाई, देवनागरीची शिरोरेषा आणि रोमन लिपीचे उभे खांब एकाच फळीवर नांदवावयाचे, तेही असे की नाव एकाच पेढीचे वाटावे, हे काम अक्षर जाणणाऱ्याचेच आहे. प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला, तेव्हा कोठे कोट्यवधी माणसांना पडद्यावर मराठी सहज वाचता आली. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'बलू' या एकाच घराण्यात देवनागरी व कन्नड अशी दोन्ही अक्षरे केली आहेत आणि ती कोणासही विनामूल्य वापरता येतात. असे टंक कोठे मिळतात, कोणते फुकट आणि कोणते परवाना घेऊन वापरावयाचे, हे जाणणारा माणूस आपला पुढचा तंटा आधीच टाळून देतो.

खोक्याचेही तसेच. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, बनविणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, खाद्यपदार्थ असल्यास परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह, एवढे सगळे बसवून वर पेढीचे नाव उठून दिसावयाचे असते. छापताना कागद कापला जातो म्हणून चित्र कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवावे लागते. चिन्ह अशा रीतीने काढावे लागते, की ते पेनवरही छापता यावे आणि ट्रकच्या बाजूवरही, आणि दोन्हीकडे कडा धारदार राहाव्यात. आणखी एक गोष्ट आम्हांस त्या मुलीनेच सांगितली होती, ती येथे मुद्दाम नोंदवितो. पिशवीवर वा खोक्यावर देवाधर्माचे चित्र छापू नये. कारण खोके अखेर रस्त्यावर पडते आणि पायाखाली येते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी सांगावी अशी गोष्ट एका पोरसवदा मुलीने सांगितली, आणि तिच्याच कामाचे पैसे आम्ही बुडविले.

यावर काही बंधू म्हणतील, घरचा भाचा संगणकावर हे सारे फुकट करून देतो. भाच्याचे कौतुक आम्हांसही आहे. पण तो वहीखाते लिहू शकतो म्हणून आपण त्याच्याकडून लेखापरीक्षण करून घेत नाही. दुसरे म्हणतील, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास सांगितले की क्षणात चित्र मिळते. मिळते खरे, आणि कच्च्या विचारासाठी त्याचा उपयोग जरूर करावा. तथापि ज्या यंत्राने आपणांस दिले ते शेजारच्या पेढीसही तशाच धाटणीचे देऊ शकते. मग छाप निराळी उरली कोठे? त्या चित्राचा कर्ता कोण आणि हक्क कोणाचा, या प्रश्नांचे वाद मिटलेले नाहीत. आणि चूक निघाल्यास यंत्र पेढीवर येऊन उत्तर देत नाही. छाप म्हणजे पत. पतीच्या बाबतीत आपण जबाबदार माणूस पाहतो.

डिझायनर मंडळींचे सर्वच बरोबर असते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काहीजण दसऱ्याचे काम दिवाळीत देतात. काही इंटरनेटवरून दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणून देतात आणि नोटीस येते ती व्यापाऱ्यास. काही मूळ फाईल अडवून ठेवतात आणि प्रत्येक फेरछपाईस नवे पैसे मागतात. या तक्रारी आमच्या कानावर आहेत. परंतु त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच आहे: काम तोंडी ठरते. दर तोंडी, मुदत तोंडी, दुरुस्त्या अगणित, आणि देणे मर्जीवर. असा व्यवहार आपण आडतीत वा सावकारीत करतो काय?

म्हणून आमची सूचना अशी. काम देताना एक पानाचा लेख करावा. त्यात काय काय करून द्यावयाचे, किती नमुने, किती वेळा दुरुस्ती, कोणत्या तारखेस आणि किती रुपयांत, हे लिहावे. एक तृतीयांश रक्कम विसार म्हणून आरंभी द्यावी. नमुना नापसंत झाला तरी नमुन्याचे ठरलेले पैसे द्यावेत, कारण वेळ तर त्याचा गेलाच. छपाईपूर्वी कागदावरचा नमुना पाहून त्यावर मालकाने स्वतः सही करावी. मुनीमाच्या होकारावर पाच हजार खोकी सोडू नयेत. पूर्ण पैसे दिल्यावर हक्क मुदतीसह व प्रदेशासह लेखी घ्यावेत आणि मूळ फाईल पेढीच्या दप्तरी ठेवावी. बिल वेळेत चुकते करावे. ज्या कर्त्याने 'उद्यम' नोंदणी केली आहे, त्याचे देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागते, आणि त्यापुढे बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. व्याजाचे गणित आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. असा लेखाचा एक मसुदा आपल्या संघाने तयार करून सभासदांस द्यावा, असे आम्ही कार्यकारी मंडळास या पानावरून विनवितो.

यात परोपकार नाही. आपल्या गावचा पाटी रंगविणारा पेंटर गेला, ठसे कोरणारा गेला, खिळे जुळविणारा गेला. ती कामे काळाने नेली. ही नवी मंडळी मात्र काळाने आणून दिली आहेत. त्यांना येथे पोट भरता आले नाही तर ती पुण्यास आणि बंगळूरास जातील, आणि आपल्याला आपल्या बाजाराची, आपल्या तिन्ही लिप्यांची आणि आपल्या गिऱ्हाइकाची जाण असलेला माणूस दुप्पट दर मोजूनही मिळणार नाही.

आमच्या हकीकतीचा शेवट सांगून हा लेख पुरा करतो. ती मुलगी बेळगाव सोडून पुण्यास नोकरीस गेली. आमच्यामुळेच गेली असे नव्हे. पण आमच्यासारखे पाच-सात भेटले असतील तर नवल नाही. गेल्या वर्षी तिचा ठावठिकाणा काढून आम्ही फोन केला आणि झाले ते सर्व कबूल केले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, खोके मी पाहिले होते दुकानात." याहून अधिक ती काही बोलली नाही, आणि आम्हांसही पुढे शब्द सुचला नाही. आठ दिवसांनी तिचे बिल आले. रक्कम सहा वर्षांपूर्वीचीच होती. आम्ही ती त्याच दिवशी भरली, हक्काचा लेख रीतसर करून घेतला, आणि तिच्याच हातचे मूळ चिन्ह घेऊन नोंदणीचा अर्ज केला. पैसे फिटले. तिने आमच्याविषयी सहा वर्षे जे मत बाळगले असेल, ते फिटले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी जाहिरातीचे शुल्क धाडताना सभासद बंधूंनी सोबत तयार पान धाडावे, ही विनंती. आणि ते पान ज्याने केले त्याचे बिल चुकते झाले आहे ना, एवढे धाडण्यापूर्वी आपल्या मुनीमास विचारून घ्यावे.